शस्त्रक्रियेनंतर पोटातील अवयव का चिकटतात? विरघळणाऱ्या कापडी पडद्यांचे कार्य आणि मर्यादा

कोलकाता : ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, नवरात्राच्या प्रारंभी, कोलकाता येथे एका मुलीचा जन्म झाला. 'दुर्गा' या नावाने ती पुढे देशाला परिचित झाली. तिच्या आईच्या बीजवाहिन्या निकामी असल्याने नैसर्गिक गर्भधारणा होणे शक्य नव्हते. डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी स्त्रीबीज शरीराबाहेर काढून त्याचे फलन घडवून आणले, तयार झालेला भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतर तो गर्भाशयात सोडला. इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन या जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म त्याआधी अवघे ७० दिवस, २५ जुलै १९७८ रोजी झाला होता. तिच्या आईच्याही बीजवाहिन्या बंद होत्या.

या दोन्ही जन्मांच्या मुळाशी एकच अडचण होती. बीजकोशातून बाहेर पडणारे स्त्रीबीज गर्भाशयापर्यंत नेणारी अरुंद वाट बंद झाली होती. ही वाट बंद होण्याची कारणे अनेक आहेत. जंतुसंसर्ग हे त्यांतील प्रमुख, आणि आपल्या देशात क्षयरोग हे विशेष महत्त्वाचे कारण होय. मात्र आणखी एक कारण असे आहे की, जे डॉक्टरांच्याच हातून, रुग्णाच्या भल्यासाठी केलेल्या उपचारातून निर्माण होते. पोटावर किंवा ओटीपोटात शस्त्रक्रिया झाली की आतले अवयव बरे होताना एकमेकांना चिकटतात. वैद्यकीय परिभाषेत याला 'आसंजन' असे म्हणतात. रुग्णालयाच्या बाकावर बसलेले नातेवाईक 'आतडी चिकटली' एवढेच सांगतात, आणि ते वर्णन अचूक आहे.

अवयवांचे हे चिकटणे रोखण्यासाठी दोन जखमी पृष्ठभागांच्या मध्ये काही दिवस टिकून नंतर आपोआप नाहीसे होणारे कापड ठेवावे, ही कल्पना गेल्या काही दशकांत प्रत्यक्षात आली आहे. हे कापड कशाचे असते, ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याची माहिती या लेखात देण्यात येत आहे.

आठवडाभराची शर्यत

पोटाच्या पोकळीला आतून आणि आतडी, गर्भाशय आदी अवयवांना बाहेरून झाकणारा एक पातळ, ओलसर पडदा असतो. त्याला उदरावरण म्हणतात. सर्व घड्या उलगडून मोजल्यास त्याचे क्षेत्रफळ शरीरावरील त्वचेच्या जवळपास भरते. या पडद्याच्या गुळगुळीतपणामुळेच कित्येक मीटर लांबीचे आतडे पोटात अडखळल्याविना हलत राहते.

या पडद्याची जखम भरण्याची रीत त्वचेपेक्षा वेगळी आहे. त्वचेवरील जखम कडांकडून आत भरत येते. त्यामुळे लहान जखम लवकर, तर मोठी उशिरा भरते. उदरावरणाची जखम मात्र सर्व पृष्ठभागावर एकाच वेळी भरू लागते. नवीन पेशी जागोजागी बेटांप्रमाणे रुजतात आणि एकमेकींना मिळतात. परिणामी जखम बोटाएवढी असो वा तळहाताएवढी, ती झाकली जाण्यास साधारण पाच ते आठ दिवस लागतात.

या आठवड्यातच सारे ठरते. जखम झाल्यावर काही तासांत तेथे फायब्रिन नावाचा चिकट पदार्थ जमा होतो. रक्त गोठताना जो जाळीदार पदार्थ तयार होतो, तोच हा. समोरासमोर आलेले दोन जखमी पृष्ठभाग या फायब्रिनमुळे तात्पुरते जोडले जातात. निरोगी उदरावरणात फायब्रिन विरघळवणारी द्रव्ये असतात आणि ती हे तात्पुरते बंध दोन-तीन दिवसांत नाहीसे करतात. पण ऊतींना इजा झाली, त्यांचा रक्तपुरवठा खंडित झाला, त्या कोरड्या पडल्या किंवा तेथे जंतुसंसर्ग असला, तर विरघळवण्याची ही क्षमता नेमकी त्याच वेळी घटते. फायब्रिन तसेच राहते. त्यात तंतू निर्माण करणाऱ्या पेशी शिरतात, मागोमाग रक्तवाहिन्या येतात, काही ठिकाणी मज्जातंतूही वाढतात. आता तो बंध कायमचा होतो. कधी तो कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम असतो, कधी दोरीसारखा जाड, तर कधी दोन अवयव असे एकजीव झालेले असतात की त्यांच्यातील सीमारेषाच शोधावी लागते.

ब्रिटिश शल्यचिकित्सक हेरॉल्ड एलिस यांनी १९६२ मध्ये या विषयावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. उदरावरणाचा फाटलेला भाग काळजीपूर्वक शिवून टाकला म्हणजे अवयव चिकटणार नाहीत, अशी त्या काळी समजूत होती. प्रत्यक्षात ओढून घातलेल्या टाक्यांमुळे तेथील रक्तपुरवठा कमी होतो आणि आसंजनास आमंत्रणच मिळते, हे त्यांच्या कामातून पुढे आले. चांगल्या हेतूने केलेली शिवण अपायकारक ठरावी, असे प्रसंग शल्यचिकित्सेच्या इतिहासात थोडे नाहीत.

किती रुग्णांना त्रास होतो?

१९९० मध्ये मेंझिस आणि एलिस यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पूर्वी पोटाची किमान एक शस्त्रक्रिया झालेल्या २१० रुग्णांपैकी ९३ टक्के रुग्णांच्या पोटात आसंजने आढळली. पूर्वी कोणतीही शस्त्रक्रिया न झालेल्यांत हे प्रमाण १०.४ टक्के होते. यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. बहुतेक रुग्णांना या बंधांचा आयुष्यभर कोणताही त्रास जाणवत नाही.

त्रास होतो तेव्हा मात्र तो किरकोळ नसतो. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाची किंवा ओटीपोटाची उघडी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे तीस हजार रुग्णांच्या पुढील दहा वर्षांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार दर तीन रुग्णांपैकी एकाहून अधिक, म्हणजे ३४.६ टक्के रुग्ण, आसंजनांशी निश्चितपणे वा कदाचित संबंधित अशा कारणासाठी सरासरी दोन वेळा पुन्हा रुग्णालयात दाखल झाले होते. पुन्हा दाखल होण्याच्या एकूण घटनांपैकी ५.७ टक्के घटनांचा आसंजनांशी थेट संबंध होता.

लहान आतड्याला अडथळा येण्याचे आसंजन हे एक मुख्य कारण आहे. बंधाखाली आतड्याचा वेढा अडकतो, पोट फुगते, उलट्या होतात, शौच आणि वायू बंद होतात. वेळेत उपचार न झाल्यास आतड्याचा तेवढा भाग मृत होण्याचा धोका असतो. स्त्रियांमध्ये बीजवाहिनी व बीजकोश जखडले जाऊन वंध्यत्व येऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही हा त्रास उद्भवू शकतो. तिसरा परिणाम रुग्णाला दिसत नाही, पण शल्यचिकित्सकाला पुरेपूर जाणवतो. दुसऱ्या वेळी पोट उघडताना पोटाच्या भिंतीला चिकटलेले आतडे किंवा मूत्राशय कापले जाण्याची भीती असते आणि शस्त्रक्रियेचा वेळ वाढतो.

सिझेरियनचे वाढते प्रमाण

पश्चिम बंगालच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) या राज्यातील २३.८ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे नोंदले गेले. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ३२.६ टक्क्यांवर पोहोचले. राज्यातील खासगी रुग्णालयांत तर ते ८२.७ टक्के होते. याच दोन फेऱ्यांमध्ये महाराष्ट्रातील प्रमाण २०.१ वरून २५.४ टक्के, तर देशाचे १७.२ वरून २१.५ टक्के झाले.

पहिल्या सिझेरियननंतर दुसरी प्रसूतीही बहुधा त्याच पद्धतीने केली जाते आणि प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक आसंजने वाढत जातात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेस गर्भाशयापर्यंत पोहोचण्यास आणि बाळ बाहेर काढण्यास अधिक वेळ लागतो. बाळाची प्रकृती संकटात असेल, तर ही काही मिनिटे फार मोलाची असतात. सिझेरियन योग्य कारणासाठी असेल तर ते प्राणरक्षकच असते, यात शंका नाही. मात्र त्याची किंमत पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मोजावी लागते, हे पहिल्या वेळी क्वचितच सांगितले जाते.

कापूस विरघळतो कसा?

दोन पृष्ठभागांमध्ये काहीतरी ठेवावे ही कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बैलाच्या उदरावरणापासून केलेला पातळ पडदा वापरण्यात आला. रेशमी कापड, धातूचा वर्ख, गर्भवेष्टन, निरनिराळी तेले असे अनेक प्रयोग झाले. यांतील बहुतेक पदार्थ शरीराला परके वाटले आणि त्यांच्याभोवतीच नवे बंध तयार झाले.

साधे सुती कापड तर मुळीच चालत नाही. कापूस म्हणजे सेल्युलोज. ते पचवणारे द्रव्य मानवी शरीरात नसते. पोटात चुकून राहिलेला गॉजचा तुकडा वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि त्याभोवती गाठ तयार होते, हे त्यामुळेच.

या अडचणीवरील उत्तर एका छायाचित्रण साहित्याच्या कंपनीत सापडले. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅकचे रसायनशास्त्रज्ञ याकेल आणि केन्यन यांनी सेल्युलोजवर नायट्रोजन डायऑक्साइड वायूची प्रक्रिया करण्याची पद्धत १९४२ मध्ये प्रसिद्ध केली. या प्रक्रियेत सेल्युलोजच्या साखळीतील काही गटांचे आम्लगटांत रूपांतर होते. बाहेरून कापड कापडासारखेच दिसते, पण शरीरातील किंचित अल्कधर्मी द्रवात त्याच्या साखळ्या तुटू लागतात आणि ते हळूहळू विरघळते. न्यूयॉर्कमधील डॉ. व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी १९४३ मध्ये शरीरात शोषले जाणारे कापूस, कागद आणि गॉज यांवरील आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. प्रारंभी या पदार्थाचा उपयोग रक्तस्राव थांबवण्यासाठी होऊ लागला आणि आजही तो त्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

नैसर्गिक कापसाचे तंतू एकसारखे नसल्याने प्रक्रियेचा परिणामही कमीअधिक होत असे. म्हणून पुढे कापसाऐवजी रेयॉनचा धागा वापरण्यात येऊ लागला. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज रसायनांत विरघळवून, बारीक छिद्रांतून दाबून त्याचा पुन्हा धागा केला म्हणजे व्हिस्कोज रेयॉन तयार होतो. कल्याणजवळील शहाड येथे अनेक दशके असा धागा तयार होत आला आहे, तर कोलकात्याच्या उत्तरेस हुगळी जिल्ह्यातही रेयॉनचा कारखाना उभा राहिला होता. साडी आणि अस्तर यांसाठी परिचित असलेल्या धाग्याचा हा एक दूरचा, निर्जंतुक नातलग म्हणता येईल.

आसंजन रोखण्यासाठी खास विणलेले असे कापड 'इंटरसीड' या नावाने बाजारात आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ मध्ये त्यास ओटीपोटाच्या उघड्या स्त्रीरोग शस्त्रक्रियांसाठी मान्यता दिली. रक्तस्राव थांबवणारे कापड आणि हे कापड यांचे मूळ द्रव्य एकच असले तरी वीण, घनता आणि प्रक्रियेचे प्रमाण निराळे असते. एकाच्या जागी दुसरे वापरून चालत नाही.

वापरण्याची रीत

शस्त्रक्रिया संपत आली की जखमी भागावर हे कापड पसरले जाते. तुकडा साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब असतो. तो आवश्यकतेप्रमाणे कापता येतो. वरून थोडे सलाइन सोडले की तो ओल्या पृष्ठभागाला बसतो, टाके घालावे लागत नाहीत. सुमारे आठ तासांत त्याचा जेलीसारखा थर होतो आणि उदरावरण भरून येण्याच्या काळात तो दोन पृष्ठभागांना अलग ठेवतो. चार आठवड्यांच्या आत त्याचे शोषण पूर्ण होते. विरघळणारे टाके काढण्यासाठी जसे पुन्हा रुग्णालयात यावे लागत नाही, तसेच हे कापड काढण्यासाठीही दुसरी शस्त्रक्रिया करावी लागत नाही.

या पद्धतीचा सर्वांत मोठा शत्रू रक्त हा आहे. कापड ठेवण्यापूर्वी लहानातला लहान रक्तस्रावही थांबवावा लागतो. रक्तात भिजलेले कापड काळे पडते, त्यात फायब्रिन साचते आणि अडथळा ठरण्याऐवजी ते पूल ठरू शकते. असा काळा पडलेला तुकडा काढून, रक्तस्राव थांबवून नवा ठेवावा, अशी सूचना असते. घाईत केलेल्या शस्त्रक्रियेत महागडे कापड वापरूनही लाभ होत नाही, तो यामुळे. जंतुसंसर्ग असलेल्या पोटात ते वापरू नये, असेही सांगितले जाते.

चाचण्या काय सांगतात?

आसंजने बाहेरून दिसत नाहीत. ती कमी झाली किंवा नाही हे पाहण्यासाठी पुन्हा दुर्बिणीतून पोटात डोकावावे लागते. म्हणूनच या विषयातील चाचण्या करणे कठीण असते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसीडच्या चाचणीत संशोधकांनी एक सोपी युक्ती योजली. वंध्यत्वासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ७४ स्त्रियांच्या ओटीपोटाच्या एका बाजूच्या भिंतीवर कापड ठेवले आणि दुसरी बाजू तशीच सोडली. कोणती बाजू झाकायची हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. त्यामुळे प्रत्येक स्त्रीची तुलना तिच्याशीच झाली. काही काळाने पाहणी केली असता झाकलेल्या बाजूला आसंजने कमी आढळली.

दुसरा परिचित पडदा 'सेप्राफिल्म' हा आहे. ते विणलेले कापड नसून हायलुरोनिक आम्ल आणि रूपांतरित सेल्युलोज यांची पातळ, ठिसूळ चकती असते. ओल्या हातमोज्याचा स्पर्श होताच ती बोटांना चिकटते, असा शल्यचिकित्सकांचा अनुभव आहे. १९९६ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या १८३ रुग्णांवरील चाचणीत, हा पडदा वापरलेल्यांपैकी ५१ टक्के रुग्ण आसंजनमुक्त राहिले, तर न वापरलेल्यांत हे प्रमाण केवळ ६ टक्के होते.

हा आकडा भुरळ घालणारा आहे. परंतु रुग्णाला आसंजनांची संख्या नको असते, आतडे अडकू नये एवढेच हवे असते. त्या दृष्टीने २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी अधिक बोलकी आहे. आतड्याचा भाग काढलेल्या १७९१ रुग्णांचा त्यात समावेश होता. आतड्याला अडथळा येण्याच्या एकूण प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आसंजनामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण मात्र ३.४ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर आले. म्हणजे लाभ खरा, पण मर्यादित. आतड्याच्या ताज्या जोडाभोवती हा पडदा थेट गुंडाळल्यास जोड गळण्याचा धोका वाढतो, असेही आढळल्याने तसे न करण्याचा इशारा देण्यात आला.

२०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात हे दोन्ही पडदे आसंजने सुरक्षितपणे कमी करतात, असा निष्कर्ष काढण्यात आला. कॉक्रेन संस्थेने स्त्रीरोग शस्त्रक्रियांपुरता २०१५ मध्ये घेतलेला आढावा अधिक सावध आहे. आसंजने कमी होत असल्याचे पुरावे असले तरी त्यांचा दर्जा उंचावलेला नाही आणि ओटीपोटाचे दुखणे कमी होते किंवा अधिक स्त्रियांना अपत्यप्राप्ती होते, हे त्यातून सिद्ध झालेले नाही. सिझेरियनच्या बाबतीत तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत सेप्राफिल्म वापरल्याने पुढील प्रसूतीच्या वेळी आसंजने कमी झाल्याचे दिसले नाही. ज्या शस्त्रक्रियेची संख्या सर्वाधिक वाढत आहे, तिच्यासाठीच ठोस पुरावा नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

द्रव आणि जेल

कापड हव्या त्या कोपऱ्यात नेणे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कठीण जाते. त्यामुळे द्रवरूप उपायांचा शोध घेण्यात आला. 'ॲडेप्ट' हे आयकोडेक्स्ट्रिन या पिष्टमय पदार्थाचे ४ टक्के द्रावण पोटात सोडून अवयव काही दिवस तरंगते ठेवले जातात. अमेरिकेत त्यास २००६ मध्ये स्त्रीरोगविषयक दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळाली. 'इंटरजेल' या लोहयुक्त जेलची कहाणी मात्र वेगळी झाली. २००१ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेले हे जेल तीव्र वेदना व अन्य गंभीर तक्रारींनंतर २००३ मध्ये उत्पादकाने स्वतःहून बाजारातून काढून घेतले. पोटात आठवडाभर राहणारी कोणतीही वस्तू निरुपद्रवी गृहीत धरता येत नाही.

कोणताही पडदा न वापरताही बरेच काही साधता येते, आणि हा भाग जाहिरातींत येत नाही. ऊती हळुवार हाताळणे, त्या ओल्या ठेवणे, रक्तस्राव पूर्ण थांबवणे, अनावश्यक टाके टाळणे, शक्य तेथे लहान छेद घेणे, या जुन्याच गोष्टी आहेत. हातमोज्यांवरील पावडर पोटात पडून आसंजने होतात, हेही बराच काळ माहीत होते. अमेरिकेने असे पावडरयुक्त हातमोजे जानेवारी २०१७ पासून बंद केले. शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेने योग्य हातमोजे पुढे केले, तरी एक कारण कमी होते.

गर्भाशयाच्या आतील आसंजने

पोटाप्रमाणेच गर्भाशयाच्या आतल्या भिंतीही एकमेकींना चिकटू शकतात. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये केलेल्या वर्णनावरून ही अवस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. गर्भपातानंतर किंवा प्रसूतीनंतर गर्भाशय खरवडणे हे जगभर याचे मुख्य कारण आहे. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे कारणही ठळकपणे समोर येते. पाळी कमी होणे किंवा बंद होणे, वारंवार गर्भपात होणे ही त्याची लक्षणे असू शकतात. दुर्बिणीतून बंध सोडवल्यानंतर भिंती पुन्हा चिकटू नयेत म्हणून लहान फुगा, तांबी किंवा हायलुरोनिक आम्लाचे जेल वापरण्यात येते. क्षयरोगाने आतील थर नष्ट झाला असेल, तर मात्र यश फारच थोडे मिळते.

वाट उघडावी की वळसा घालावा?

बीजवाहिन्यांभोवतीचे बंध सोडवून वाट मोकळी करावी की त्यांना वळसा घालून टेस्ट ट्यूब पद्धती अवलंबावी, हा प्रश्न कोलकात्यातील त्या पहिल्या प्रयोगापासून आजवर कायम आहे. इंग्लंडमध्ये स्त्रीबीज दुर्बिणीतून काढण्यात आले होते. ओटीपोटात दाट आसंजने असली की बीजकोश दिसतच नाहीत आणि ही पद्धत अडते. डॉ. मुखोपाध्याय यांनी योनीमार्गातून लहान छेद घेऊन बीजकोशापर्यंत पोहोचण्याचा मार्ग निवडला. एकाऐवजी अनेक स्त्रीबीजे मिळावीत यासाठी त्यांनी संप्रेरकेही दिली होती. योनीमार्गाने, सोनोग्राफीच्या साहाय्याने स्त्रीबीज काढणे, संप्रेरके देणे आणि भ्रूण गोठवणे या गोष्टी पुढे जगभर नित्याच्या झाल्या.

त्यांच्या वाट्याला मात्र अवहेलना आली. राज्य शासनाने नोव्हेंबर १९७८ मध्ये नेमलेल्या, रेडिओ-भौतिकीच्या तज्ज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांचा दावा अमान्य केला. १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोगविषयक संस्थेत करण्यात आली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी जीवन संपवले. तपन सिन्हा यांचा १९९० मधील 'एक डॉक्टर की मौत' हा चित्रपट याच घटनाक्रमावरून प्रेरित आहे.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला आणि देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. पुढे डॉ. मुखोपाध्याय यांची टिपणे पाहिल्यावर डॉ. आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून पहिलेपणाचा मान कोलकात्याच्या त्या डॉक्टरांचा असल्याचे जाहीर केले. स्वतःच्या नावावरील मान दुसऱ्याला देणारे असे लेख विज्ञानात विरळाच.

विरघळणारे कापड त्या काळी असते, तर दुर्गाच्या जन्मासाठी एवढा खटाटोप करावा लागला नसता, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. बीजवाहिनी आतून नष्ट झाली असेल तर बाहेर ठेवलेले कापड ती पूर्ववत करू शकत नाही. त्याचा उपयोग बंध होण्यापूर्वी, किंवा सोडवलेले बंध पुन्हा होऊ नयेत म्हणून, एवढाच आहे.

रुग्णांसाठी

भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. उपकरणांची जोखमीनुसार चार वर्गांत विभागणी त्यात करण्यात आली असून, शरीरात राहून शोषल्या जाणाऱ्या वस्तूंची गणना उच्च जोखमीच्या वर्गात होते. त्यांच्या आयातीसाठी व उत्पादनासाठी केंद्रीय परवाना आवश्यक असतो.

गर्भाशयातील गाठी काढणे, बीजकोश किंवा बीजवाहिनीवरील शस्त्रक्रिया, आतड्याचा भाग काढणे, अशा नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी आसंजनांविषयी डॉक्टरांना विचारणे योग्य ठरते. पडदा वापरणार काय, का वापरणार, त्याचा खर्च वेगळा आहे काय, हे प्रश्न अवाजवी नाहीत. पडदा वापरला असल्यास त्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर करून घ्यावी. विरघळत असलेले असे द्रव्य सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये कधी कधी पूच्या साठ्यासारखे दिसते. नोंद असल्यास गैरसमज टळतो.

जुनी कागदपत्रे जपून ठेवावीत. पोटावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला कळा मारून येणारी पोटदुखी, वारंवार उलट्या, पोट फुगणे आणि वायू न सरणे अशी लक्षणे एकत्र दिसल्यास घरगुती काढा किंवा जुलाबाचे औषध न देता तातडीने रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया वीस वर्षांपूर्वीची असली, तरी ती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी.